तिसऱ्या खुणेचा गळ

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम बारीक पांढरे ओरखडे असायचे. लग्न ठरवायला ही मंडळी आमच्या घरी आली तेव्हा माझ्या आईनं ते हेरले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "अमिता, ह्यांना नखाचा काही रोग तर नाही ना, विचारून घे." मी विचारलं नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांत आपोआप कळलं. रोग होता, पण नखाचा नव्हता. मासे धरायच्या गळांचा होता.

शंकरराव खैरनार हे त्यांचं नाव, घरात सगळ्यांचे बाबा. त्यांचे वडील खानदेशातून इंदूरला मिलमध्ये आले आणि बाबा अठराव्या वर्षी त्याच मिलच्या कार्डिंग खात्यात लागले. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरणं. त्या मशीनच्या मोठ्या रुळावर हजारो बारीक तारा असतात, प्रत्येक पुढं वाकलेली. त्या बोथट झाल्या की कापसातल्या गाठी तशाच पुढं सरकतात आणि सूत तुटायला लागतं. त्या तारांना धार लावणं हे बाबांचं काम. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. मिल बंद पडल्यावर एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पण हाताला जी सवय लागली होती ती काही रिटायर होईना. हजारो तारा गेल्या, त्यांच्या जागी गळ आले.

आमच्या राजेंद्र नगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांचं एक लाकडी टेबल होतं. टेबलावर धारेचा दगड, बोटभर लांबीची कानस, पक्कड, तेलाची बाटली आणि गळांचे डबे. गंमत म्हणजे आमच्या घरात मासा शिजत नाही. सासूबाईंना वास सहन होत नाही. बाबा मासा धरतात, वजन करतात आणि परत पाण्यात सोडतात. मला सुरुवातीला हे सगळं खुळं वाटायचं. मी शाळेत गणित शिकवते, बोलताना माझा आवाज चढतो, आणि एकदा मी चढ्या आवाजात त्यांना विचारलंच, "बाबा, सोडायचाच आहे तर धरता कशाला?"

"बेटा, तू मुलांना गणित देतेस," ते म्हणाले, "उत्तर तर तुला आधीच माहीत असतं ना?"

दुसऱ्या दिवशी मी वह्या तपासायला गॅलरीतच खुर्ची टाकली.

मग मी बघायला लागले. बाबा गळ दोन बोटांत धरत आणि दगड एकाच दिशेनं फिरवत, वाकाकडून टोकाकडे. उलट कधीच नाही. उलट फिरवला की टोकावर बारीक कोर उभी राहते आणि ती पहिल्याच माशाला मोडते. तीन बाजूंनी चार-चार हात. मग गळ डाव्या अंगठ्याच्या नखावर जरासा तिरपा टेकवायचा आणि अलगद ओढायचा. सरकला तर बोथट, अडकला तर झाला. ओरखडे त्याचे होते. दगडाला घासलेला गळ, खडकाला आपटलेला गळ, नुसता डब्यात एकमेकांवर आदळलेला नवा गळसुद्धा ते नखावर बघितल्याशिवाय दोरीला बांधू देत नसत.

आणि प्रत्येक वेळी धार लावून झाली की त्या गळाच्या नेढ्याजवळ, जिथं दांडी जरा चपटी असते आणि ताण येत नाही, तिथं कानशीच्या कडेनं एक खूण करायचे. पहिली धार, एक खूण. दुसरी, दोन. तिसरी खूण झाली की तो गळ शेवटचा वापरायचा आणि मग संपला. चौथ्यांदा धार लागत नाही असं नाही, लागते, पण तोवर टोकात लोखंडच उरलेलं नसतं. आणि गळ वाकाशी उघडला, म्हणजे ओढ बसून त्याचा वाक ताणला गेला असेल, तर एकही खूण नसली तरी तो बाद. पकडीनं दाबून त्याला परत आकार देता येतो, दिसायला नवाच दिसतो, पण एकदा जिथं उघडला तिथंच तो पुन्हा उघडतो.

बाद गळ बाबा तसाच टाकत नसत. पकडीनं मधोमध तोडायचे. कुणाच्या पायात जायला नको, गाईच्या तोंडात जायला नको, आणि कुणी मोहानं पुन्हा वापरायला नको. तुकडे कागदात गुंडाळून वर हिंदीत लिहायचे, 'कांटे के टुकड़े, हाथ सम्हालना', आणि सकाळी कचरागाडी आली की स्वतः खाली जाऊन घातक कचऱ्याच्या खान्यात टाकायचे. गाडीवरची बाई त्यांना कांटेवाले बाबूजी म्हणायची.

रविवारी तलावावर मासे धरायला जमणाऱ्या बारा-पंधरा जणांचे गळ बाबांकडे यायचे. बाबा कुणाकडून काही घेत नसत. लोक गळांचा डबा टेबलावर ठेवून जायचे, बुधवारी घेऊन जायचे, आणि नखावर बघायचेसुद्धा नाहीत. शंकररावांनी खूण केली आहे ना, मग झालं. ही खूण म्हणजे बाबांची सही होती. बाबांजवळ दुसरी काही मोठी गोष्ट नव्हती. मिल गेली होती, मिलमधलं नाव मिलबरोबर गेलं होतं. हे एक होतं.

या सगळ्यांत जवळचे म्हणजे प्रतापराव. बडा गणपतीच्या देवळाजवळ त्यांचं घर. आजोबा होळकर सरकारच्या शिकारखान्याच्या कचेरीत होते, आणि हे प्रतापराव पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, तुम्ही विचारा किंवा विचारू नका. उंच माणूस, भरघोस मिशा, आवाज खणखणीत, गोष्ट सांगायला बसले की पोहेवाला पोहे द्यायचे विसरतो. बाबा त्यांच्या शेजारी बसले की दिसायचेच नाहीत. रॉड प्रतापरावांची, गळ बाबांचे, अशी चाळीस वर्षांची वाटणी. मला ती वाटणी जरा खुपायची, पण बाबांना नाही. "त्याला पकडायला आवडतं, मला तयारी आवडते," म्हणायचे.

सत्याऐंशी साली या दोघांनी बडवाहला नर्मदेत बाडस धरला होता. बाडस म्हणजे नर्मदेतला महासीर, तेव्हा मिळायचा. प्रतापरावांच्या हातात रॉड, बाबा कंबरभर पाण्यात, आणि शेवटी बाबांनी तो मासा पोटाशी धरून काठाला आणला. त्या गळाला तीन खुणा झालेल्या होत्या, आणि त्या दांडग्या माशानं त्याचा वाकही उघडला होता. दोन्ही हिशेबांनी बाद. बाबांनी पक्कड काढली तेव्हा प्रतापरावांनी त्यांचा हात धरला.

"शंकर, हा नको तोडू. हा मी ठेवतो. शोकेसमध्ये ठेवीन."

"पाण्यात घालायचा नाही."

"अरे, आईची शपथ."

बाबांनी आयुष्यात न तोडता दिलेला बाद गळ तो एकच. प्रतापरावांनी पकडीनं दाबून त्याला पुन्हा आकार दिला आणि लाल मखमलीच्या, घड्याळाच्या डबीत ठेवला. आम्ही त्यांच्या घरी गेलो की डबी उघडायची आणि बडवाहची गोष्ट व्हायची. दर वेळी मासा किलोभर वाढायचा. बाबा नुसते हसायचे.

मागच्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, नेहमीप्रमाणे यांची वार्षिक स्पर्धा होती. देपालपूरच्या बाजूला एका शेतकऱ्याचा तलाव आहे, तिथं सगळे जमतात. मासा वजन करून सोडायचा, सगळ्यात मोठ्याला एक ढाल. दोन वर्षं ती ढाल बंटी नावाच्या तिशीच्या मुलाकडे होती आणि प्रतापरावांना ते फार लागलं होतं. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास प्रतापरावांना कटला लागला. बाबा सांगतात, वीस किलोच्या खाली नव्हता. पाऊण तास तो खेळवला. सगळे आपापल्या रॉड सोडून काठावर आले, बंटीनं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. मासा जाळीपासून हातभरावर आला, पांढरं पोट दिसलं, आणि दोरी एकदम सैल पडली.

प्रतापरावांनी दोरी ओढून घेतली, टोकाला काय आलं ते मुठीत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शंकर, तुझा कांटा खुल गया रे."

बाबांनी हात पुढं केला. "बघू."

"फेकला पाण्यात. गुस्सा आला, फेकून दिला."

बाबांच्या डोक्यात तेव्हा एकच आलं, की याला किती वेळा सांगितलंय, गळ पाण्यात टाकू नये. बाकी कसलाच संशय त्यांना आला नाही. चाळीस वर्षांच्या मित्रावर माणूस संशय कशाला घेईल?

कुणी त्यांना काही टाकून बोललं नाही, हे खरं. इंदूरची माणसं तोंडावर गोड असतात. बंटी एवढंच म्हणाला, "अंकल, उमर का भी तो कुछ होता है ना, टेन्शन मत लो." पुढच्या बुधवारी टेबलावर पाच डबे होते, त्याच्या पुढच्या बुधवारी दोन. मग कळलं की सगळ्यांनी मिळून ऑनलाइन तयार गळ मागवले आहेत. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. म्हणजे एखादा आधीच उघडलेला गळ आपल्या नजरेतून सुटला आणि आपण त्याला धार लावून, खूण करून, चांगला म्हणून दिला. दिवसभर उरलेले गळ उन्हात धरून वाक तपासत बसायचे. एकेक गळ दहादा. मग नखावरही अडकलेला त्यांना सरकल्यासारखा वाटायला लागला.

आणि मी काय केलं, तेही सांगते. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, कोवळा होता, पण निघाला. मला अगदी हायसं वाटलं. कारण सापडलं ना. जूनमध्ये ऑपरेशन झालं आणि मी त्यांना म्हटलं, "बाबा, आता पुरे. बारीक काम नको." माझा नवरा सुजय म्हणाला, राहू दे त्यांचं टेबल. मी ऐकलं नाही. टेबल खाली इमारतीच्या जिन्याखाली गेलं आणि गॅलरीत वॉशिंग मशीन आलं. दिवाळीपर्यंत त्यांचं नख वाढून साफ झालं. एकदा चहा देताना मला ते गुळगुळीत नख दिसलं आणि मी मान वळवली. रविवारी ते घरीच राहायला लागले. प्रतापराव फोन करायचे, "ये ना रे, तुझ्याशिवाय मजा नाही," आणि बाबा म्हणायचे, "ऊन-थंडी सोसत नाही आता." प्रतापराव हे ऐकायचे आणि फोन ठेवायचे. वर्षभर. हे आठवलं की अजून माझ्या हाताची मूठ वळते.

यंदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी बाबांना स्कूटरवर घेऊन बडा गणपतीला प्रतापरावांकडे गेले. ते कचोरी आणायला बाहेर गेले होते. घरी त्यांच्या बायको कस्तुरीकाकू होत्या. तिळगूळ झाला, पाणी झालं, आणि बाबांची नजर शोकेसकडे गेली.

"वहिनी, तो बाडसचा गळ दाखवा ना जरा. ऑपरेशननंतर बघितलाच नाही. आता अगदी स्वच्छ दिसतं मला."

"घ्या की भाऊजी, तुमचाच आहे तो," म्हणत काकूंनी डबी काढून दिली.

बाबांनी ती उघडली. मखमलीवर गळ होता, पण त्याचा वाक जवळजवळ गेला होता. खिळ्यासारखा सरळ झाला होता. बाबांनी तो उचलला, खिडकीकडे धरला आणि नेढ्याजवळून नख फिरवलं. एक, दोन, तीन. ओठ हलताना मला दिसले.

"वहिनी, हा असा कधी झाला?"

"मागच्या साली नाही का, कॉम्पिटिशनच्या दिवशी," काकू सहज म्हणाल्या. "सकाळी आधी गणपतीला घेऊन गेले, पायाशी ठेवून आणला. म्हणाले, ढाल आणायची तर आज हाच लावणार, हा लकी आहे. मग तो मोठा मासा सुटला ना. तुम्ही तर तिथंच होतात."

काकूंना काहीच माहीत नव्हतं. त्या चहा टाकायला आत गेल्या. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा रागानं लाल होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी नुसता आपला उजवा हात उलटा केला, सुलटा केला आणि त्याच्याकडे बघत बसले.

प्रतापराव कचोरीचा पुडा घेऊन आत आले. "शंकर, आधी गरम गरम खा, बाकी नंतर." मग त्यांना बाबांच्या तळहातावरचा गळ दिसला. ते पुडा हातात धरूनच खुर्चीवर टेकले.

"मी सांगणारच होतो तुला," ते म्हणाले.

"तू म्हणालास, पाण्यात फेकला."

"अरे, सगळे बघत होते. तो बंटी व्हिडिओ काढत होता. आता काय सांगू सगळ्यांना, की गणपतीच्या पायाशी ठेवून छत्तीस वर्षं जुना कांटा लावला? हसले असते रे माझ्यावर."

"मग माझ्यावर हसू दिलंस."

"तुझ्यावर कोण हसलं? सगळे रिस्पेक्ट करतात तुझी. कोई कुछ बोला क्या तेरेको?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "काका, ह्यांनी सात महिने हातात गळ घेतला नाही. मी ह्यांचे डोळे..." बाबांनी मला हातानं थांबवलं. सासऱ्यांनी मला असं थांबवायची ती पहिलीच वेळ.

"शंकर, तू असं बघ," प्रतापराव आता जरा समजावणीच्या सुरात आले होते. "तुला काय ढाल जिंकायची होती? तुझं काय गेलं? माझं नाव होतं तिथं."

"माझा हात होता, प्रताप," बाबा म्हणाले.

आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता. कचोरीच्या पुड्याला तेल सुटून प्रतापरावांच्या पँटवर डाग पडत होता आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं. बाबांनी गळ डबीत ठेवला, डबी टेबलावर ठेवली आणि उठले.

"रविवारी स्पर्धा आहे. जिथं म्हणालास तिथंच खरं सांग. बाकी काही नको."

"सांगतो. गणपतीची शपथ, सगळ्यांसमोर सांगतो."

घरी आल्यावर मी सुजयला फोन करून ऑफिसमधून लवकर बोलावलं आणि आम्ही दोघांनी वॉशिंग मशीन गॅलरीतून हलवलं. बाबा म्हणाले, "कशाला करताय?" मी म्हटलं, "मला माफ करायचं नसेल तर नका करू, पण टेबल तिथंच राहणार." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दगड भिजवायला घेतला. मला रडू आलं. मी नेहमीप्रमाणे त्याचं कारण कांद्यावर ढकललं.

रविवारी मीच त्यांना तलावावर घेऊन गेले. सुजय येतो म्हणत होता, पण मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. सकाळी आठला पोहे-जलेबी सुरू असताना प्रतापराव उभे राहिले. हातात ती लाल डबी. मला वाटलं, चला, माणूस शब्दाला जागला.

"सुनो भिया लोग," त्यांनी सुरुवात केली, "आज अपन एक गुन्हा कबूल करते हैं." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, एक शब्द खोटा नव्हता. पण सांगितली कशी? गणपतीच्या पुजाऱ्यानं गळ बघून कसं तोंड केलं, त्याची नक्कल. कटला जाळीजवळ आल्यावर आपण मनातल्या मनात ढाल कुठं टांगायची ते कसं ठरवलं, ते. गळ सरळ झालेला बघून आपण कसे गारठलो आणि मूठ कशी खिशात घातली, त्याचा अभिनय. "आणि हा आपला शंकर बिचारा, डोळे फोडून आला ऑपरेशन करून," असं म्हणून त्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली. लोक हसून हसून लोटपोट. बंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्टानं निर्दोष सोडल्यासारखा तो बाबांना म्हणाला, "अंकल, तुम तो बाइज्जत बरी हो गए." सगळे टाळ्या वाजवायला लागले, प्रतापरावांसाठी. पोह्यांची दुसरी फेरी आली. एका वर्षाचं दुःख दहा मिनिटांत किस्सा होऊन गेलं, आणि किस्साही प्रतापरावांचाच. पुढच्या वर्षी तो आणखी रंगणार, हे मला तिथंच दिसत होतं.

मी उठायच्या बेतात होते. मनात जे शब्द होते ते शाळेतल्या बाईंनी बोलायचे नव्हते. पण बाबा हसत होते. अगदी थोडं, समोरच्याचं मन राखण्यापुरतं. मग लोकांनी आपापले डबे आणून त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवले. ऑनलाइनचे गळ अगदीच बोथट निघाले होते म्हणे. बाबांनी पिशवीतून दगड काढला आणि मांडी घालून बसले. तासभर एकेक गळ हातात घेत गेले, दगडावरून नेत गेले, नखावर अडकवत गेले. प्रत्येकावर खूण. पाच गळ त्यांनी बाद केले आणि पकडीनं तोडले.

शेवटचा डबा प्रतापरावांचा होता. बाबांनी त्यातले आठही गळ नीट केले. मग म्हणाले, "ती डबी दे."

प्रतापरावांनी हसत हसत मखमलीची डबी पुढं केली. बाबांनी तो सरळ झालेला गळ काढला, पकडीत धरला आणि तोडला. टक असा बारीक आवाज झाला. पोहे खाणारे दोघे-तिघे थांबले.

"शंकर," प्रतापरावांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "बडवाहची आठवण होती रे ती."

"ती तू मागच्या वर्षीच पाण्यात घातलीस," बाबा म्हणाले. त्यांनी सगळे तुकडे कागदात गुंडाळले, वर हात सांभाळायचं लिहिलं आणि पुडी माझ्याकडे दिली.

मग ते आपली पिशवी उचलून तलावाच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसले. प्रतापराव रॉड घेऊन नेहमीच्या जागी बसले, शेजारी बाबांची जागा मोकळी. मधूनमधून पलीकडं बघत होते. मला त्यांची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

परत येताना धार रोडवरच्या सिग्नलला मी बाबांना विचारलं, "एवढं सगळं होऊन तुम्ही काकांचे गळ का केले? तसेच परत द्यायचे."

"धार लावली," मागून बाबा म्हणाले. "आठही नखावर अडकले. चांगले झालेत."

"मग?"

"खूण नाही केली. कुठला कितीदा झाला ते आता त्याचं त्यानं मोजावं."

सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली तेव्हा बाबा पुडी घेऊन स्वतः खाली गेले.